कोर्स लाइव्ह होईपर्यंत बिल थांबवायचं का?

पत्र: मी नाशिकची. नऊ वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, मग पुण्यातल्या एका ई-लर्निंग कंपनीत चार वर्षं इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे कोर्सची रचना आणि स्क्रिप्ट करणारी, होते. दीड वर्षापासून घरूनच फ्रीलान्स करते. वर्षाचं सगळं मिळून आठ-नऊ लाखांचं काम होतं. नोव्हेंबरमध्ये एका कारखान्याच्या ट्रेनिंग विभागाचं काम घेतलं. सेफ्टी इंडक्शनचा ऑनलाइन कोर्स, सहा मॉड्यूल्स, एकूण १,८०,००० रुपये. मेलवर ठरलं ते एवढंच. ॲडव्हान्स मी मागितला नाही. सहाही स्टोरीबोर्ड (स्क्रीनवार स्क्रिप्ट आणि चित्रांचे आराखडे) जानेवारीत मंजूर झाले, चार मॉड्यूल्स स्टोरीलाइन या कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधून १२ मार्चपर्यंत दिली. उरलेली दोन अडकलीत, कारण तिथल्या सेफ्टी ऑफिसरची बदली झाली आणि नव्या साहेबांना स्क्रिप्ट पहिल्यापासून वाचायची आहे. बिलाचं विचारलं तर 'कोर्स एलएमएसवर लाइव्ह झाला की एकदम द्या' असं उत्तर आलं. (एलएमएस म्हणजे कर्मचारी जिथे कोर्स करतात ती कंपनीची ऑनलाइन प्रणाली.) वर अकाउंट्सचं म्हणणं, जीएसटीचं बिल लागेल, दहा टक्के कापू, आणि सोर्स फाइल्स (स्टोरीलाइनच्या मूळ फाइल्स) आत्ताच पाठवा. ट्रेनिंग मॅनेजर माझ्या जुन्या कंपनीतल्या सीनियर आहेत. मी त्यांना मॅडम म्हणते, एकमेकींच्या घरी येणं-जाणं आहे. त्यांच्याकडे पैशाचा विषय कसा काढू? आणि टोरांटोहून एका मराठी बाईंचं काम येऊ घातलंय, मुलांना मराठी शिकवायचा कोर्स. त्याचं बिल कसं करायचं?

— एक वाचक, नाशिक

तुमचं पत्र वाचताना मी आधी तारखा मोजल्या. नोव्हेंबर ते एप्रिल, पाच महिने, आणि खात्यात शून्य. फसवणूक वगैरे काही दिसत नाही. मॅडम चांगल्या आहेत, कारखाना बुडणारा नाही, काम त्यांना आवडलेलं आहे. म्हणूनच जास्त काळजी वाटते, कारण अशा ठिकाणी पैसे अडकतात ते कुणाच्याही दोषाशिवाय, आणि दोष कुणाचाच नसला की तक्रार तरी कुणाकडे करायची?

गोची 'लाइव्ह झाल्यावर' या दोन शब्दांत आहे. कोर्स लाइव्ह होणं तुमच्या हातात कुठे आहे? एलएमएसचा ॲडमिन रजेवर असतो. एचआरला वाटतं सुरक्षा सप्ताहात मोठ्या साहेबांच्या हस्ते उद्घाटन करू. कुणाच्या तरी लक्षात येतं की कंत्राटी कामगारांसाठी हिंदीतही हवं. तुमच्या बाबतीत तर विषयतज्ज्ञच, म्हणजे सेफ्टी ऑफिसरच, बदलला. यातल्या एकाही गोष्टीवर तुमचा ताबा नाही, आणि तुमचे एक लाख ऐंशी हजार मात्र तिथेच टांगलेले आहेत. बिल टांगायचं ते तुमच्या हातून होणाऱ्या कृतीवर: स्टोरीबोर्ड दिला, मॉड्यूल दिलं. दिलं त्या दिवशी बिल.

आता या कामाचं बघू. मेलवर फक्त एकूण रक्कम ठरली होती, टप्पे ठरले नव्हते. ठीक आहे, टप्पे आता पाडा. माझा हिशेब असा: स्टोरीबोर्ड म्हणजे या कामातला डोक्याचा भाग, त्याचे ४० टक्के, ७२,००० रुपये. ते सहाही मंजूर आहेत. उरलेले १,०८,००० बांधणीचे, म्हणजे मॉड्यूलला १८,०००. चार दिलीत, त्याचे ७२,०००. दोन्ही मिळून १,४४,००० रुपयांचं बिल आज निघू शकतं, आणि उरलेल्या दोन मॉड्यूल्सचे ३६,००० ती दिल्यावर. चाळीस-साठ हे प्रमाण कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. मॅडम तीस-सत्तर म्हणाल्या तर आजचं बिल १,३८,००० होईल. त्यावरून अडून बसू नका.

बिल पाठवायच्या आदल्या दिवशी फोन करा. बिल अचानक जाऊन पडलं की ओळखीच्या माणसाला ते लागतं, आणि तुम्हालाही नेमकी तीच भीती आहे. फोनवर एवढंच म्हणा: 'मॅडम, चार मॉड्यूल्स तुमच्याकडे आलीत आणि सहाही स्टोरीबोर्ड मंजूर आहेत. तेवढ्या कामाचं बिल मी उद्या पाठवतेय. उरलेल्या दोन्हींचं, नव्या साहेबांचं वाचून झालं की वेगळं देईन. अकाउंट्समध्ये कुणाच्या नावाने पाठवू?' शेवटचा प्रश्न मुद्दाम घातलाय. बिल देऊ का, असं तुम्ही विचारत नाही आहात. कुणाला देऊ, एवढंच विचारताय. 'सॉरी हं मॅडम, जरा पैशाचं होतं' अशी सुरुवात मात्र करू नका. आपल्याकडे म्हणतातच, भीड भिकेची बहीण. ट्रेनिंग मॅनेजरच्या खिशातून एक रुपयाही जाणार नाहीये. त्यांच्या विभागाचं बजेट आहे, ते वर्षात खर्च झालं नाही तर पुढच्या वर्षी कापलं जातं. वेळेवर आलेलं बिल त्यांनाही सोयीचंच असतं, हे पलीकडच्या खुर्चीत काही वर्षं बसल्यावर मला कळलं.

फ्रीलान्सिंगच्या पहिल्या वर्षी माझं एक बिल चार महिने पडून राहिलं होतं. मी मनातल्या मनात त्या लोकांना काय काय म्हणून घेतलं. शेवटी अकाउंट्समधल्या एका सद्गृहस्थांनी सांगितलं की माझ्या बिलावर पीओचा, म्हणजे कंपनीच्या पर्चेस ऑर्डरचा, नंबरच नाही, त्यामुळे ते सिस्टिममध्ये चढलंच नाही. कुणी नाकारलं नव्हतं, परत पाठवलं नव्हतं, ते नुसतं एका मेलबॉक्समध्ये बसून होतं. तेव्हापासून पीओ हातात आल्याशिवाय मी कामाचं पहिलं पानही लिहीत नाही. तुम्ही आधी विचारा की या कामाची पर्चेस ऑर्डर निघाली आहे का आणि व्हेंडर म्हणून तुमची नोंद झाली आहे का. पॅनची प्रत, रद्द केलेला चेक, व्हेंडरचा फॉर्म, हे झालं नसेल तर लाइव्ह होण्याची गोष्ट सोडाच, उद्या मॅडमनी मनात आणलं तरी पैसे निघणार नाहीत. मला तर शंका आहे की 'लाइव्ह झाल्यावर द्या' यामागे पीओ काढायचा राहिलाय हेच कारण असेल.

बिलावर तुमचं नाव-पत्ता, पॅन, बिलाचा क्रमांक आणि तारीख, कंपनीचं पीओवर आहे तसंच्या तसं नाव, पीओ नंबर, खाते क्रमांक आणि आयएफएससी असतंच. लोक चुकतात ते वर्णनात. 'कोर्स डेव्हलपमेंट चार्जेस' असं लिहिलं की अकाउंट्सवाला ट्रेनिंगला विचारतो, झालंय का हे? आणि ट्रेनिंग म्हणतं, अजून लाइव्ह नाही. त्याऐवजी लिहा: 'सेफ्टी इंडक्शन कोर्स, मॉड्यूल १ ते ४, स्कॉर्म पॅकेज, १२ मार्चपर्यंत सुपूर्द.' (स्कॉर्म पॅकेज म्हणजे एलएमएसवर चढवायची तयार झिप फाइल.) खाली ज्या मेलने पाठवलं त्याची तारीख. मग विचारायला जागाच राहत नाही. आणि पैसे कधीपर्यंत हवेत ती तारीख छापा. 'तीस दिवसांत' असं लिहिलं की वाचणारा ते कुठून मोजायचं याचा विचार करत बसतो.

जीएसटीचं. तुमची नोंदणी नाही आणि ती आत्ता लागतही नाही. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला आर्थिक वर्षात २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे, आणि क्लायंट दुसऱ्या राज्यातला असला तरी ऑक्टोबर २०१७पासून सेवांना हीच मर्यादा आहे. ही उलाढाल म्हणजे नफा नव्हे, बिलांची बेरीज; तुमच्या पॅनवरचं बाकीचं सगळं, परदेशी बिलंही त्यात धरायची. नोंदणी नसताना बिलावर १८ टक्के लावणं हा गुन्हा आहे, त्यामुळे कुणाच्या आग्रहाला बळी पडून तो आकडा छापू नका आणि बिलाला 'टॅक्स इन्व्हॉइस' हे नावही देऊ नका. साधं 'बिल' म्हणा, खाली एक ओळ टाका: जीएसटी नोंदणी नाही, वार्षिक उलाढाल मर्यादेच्या आत. अकाउंट्सला हवी असते ती ही ओळ; 'जीएसटीचं बिल' हा त्यांचा सवयीचा शब्द झाला.

मोठ्या कंपन्यांचं काम मिळावं म्हणून आपणहून नोंदणी करणारे असतात. तुमच्यासारखीला मी आत्ता ते सुचवणार नाही. सेवेत जीएसटी भरायची जबाबदारी सहसा बिल काढलं की येते, पैसे आले की नाही हे सरकार विचारत नाही. ज्याचे क्लायंट पाच महिने पैसे देत नाहीत त्याने या बिलावर १८ टक्के पदरचे भरून वाट बघत बसायचं, हे परवडणारं नाही.

दहा टक्क्यांचं मात्र त्यांचं बरोबर आहे. तो टीडीएस, पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर. प्रोफेशनल फीवर कापतात, आणि जुन्या आयकर कायद्यातल्या १९४जे या कलमाच्या नावाने सगळे त्याला ओळखतात. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, कलमांचे आकडे बदललेत, पण १९४जे हा शब्द अजून बरीच वर्षं कानावर पडत राहील. एका क्लायंटकडून वर्षाला ५०,०००च्या वर फी गेली की कापणं त्यांना भागच असतं. १,४४,०००मधून १४,४०० जातील, खात्यात १,२९,६०० येतील. ते १४,४०० बुडाले नाहीत, तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा आहेत. रिटर्न भरताना वळते होतात किंवा परत मिळतात. फक्त दर तिमाहीनंतर आयकर पोर्टलवर ते दिसतात का हे बघा. कापले आणि भरलेच नाहीत, किंवा भरले ते चुकीच्या पॅनवर, असं होतं, आणि ते सहा महिन्यांत दुरुस्त होतं, दोन वर्षांनी नाही होत. बिलावर पॅन ठळक छापायचा तो यासाठीच. पॅन नसला तर २० टक्के कापतात.

सोर्स फाइल्सवर जरा थांबते, कारण तुमच्या हातात असलेला एकमेव हुकमाचा पत्ता तो आहे आणि त्याची किंमत तुम्हाला कळलेली दिसत नाही. स्कॉर्मचं झिप म्हणजे रांधलेलं ताट. स्टोरीलाइनची मूळ फाइल म्हणजे सगळं स्वयंपाकघर. ती ज्याच्याकडे गेली तो उद्या दुसऱ्या कुणालाही बसवून तुमची उरलेली दोन मॉड्यूल्स बांधून घेऊ शकतो. कॉपीराइट कायदा, १९५७ सांगतो की नोकरीत लिहिलेलं मालकाचं, पण नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेलं, वेगळा करार नसेल तर, लेखकाचंच. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. तुमच्या स्क्रिप्ट्स आणि स्टोरीबोर्ड आजही तुमचे आहेत. (व्हिडिओचं वेगळं आहे. पैसे देऊन करवून घेतलेली फिल्म करवून घेणाऱ्याची असते. आणि कारखान्याचे फोटो, त्यांच्या एसओपी (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धती), त्या तर त्यांच्याच.)

म्हणून फाइल्स अडवून धरा असं मी म्हणत नाही. कारखान्याला दर वर्षी नियम बदलले की कोर्स दुरुस्त करायचा असतो, त्यांना त्या लागणारच. मेलमध्ये सोर्स फाइल्सचा उल्लेख नव्हता, तेव्हा वेगळे पैसे मागणं या कामापुरतं मला बरं वाटत नाही. द्या, पण क्रमाने द्या. उत्तर लिहा: 'चार मॉड्यूल्सच्या सोर्स फाइल्स आणि हक्कांचं पत्र, त्यांच्या बिलाची रक्कम जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पाठवते.' यात उद्धटपणा कुठेही नाही, आणि तरी अकाउंट्समधल्या माणसाला कळतं की आता चेंडू आपल्याकडे आहे. पुढच्या कामापासून सोर्स फाइल्सचा दर कोटेशनमध्येच वेगळ्या ओळीत टाका, म्हणजे नको असेल तो नको म्हणेल.

नवे सेफ्टी ऑफिसर. मंजूर झालेली स्क्रिप्ट पहिल्यापासून वाचायचा त्यांना अधिकार आहे, पण ते फुकट नाही. एकाने जानेवारीत 'ओके' म्हटलेलं दुसऱ्याने एप्रिलमध्ये बदललं, तर तो बदल आहे, दुरुस्ती नाही, आणि रेकॉर्ड झालेला आवाज पुन्हा रेकॉर्ड करावा लागला तर त्याचे पैसे पडतात. साहेबांना सांगा की सगळ्या सूचना एकाच वेळी, एकाच फाइलमध्ये द्या, मी वेळ आणि खर्च कळवते, मग ठरवा. माझा अनुभव असा की आकडा बघितल्यावर निम्म्या सूचना आपोआप गळतात. तुमच्याकडून चूक झाली असेल, पीपीईचं (हेल्मेट, हातमोजे अशा सुरक्षा साधनांचं) चित्र उलटं लागलं असेल किंवा फायर एक्स्टिंग्विशरचा क्रम चुकला असेल, तर तो दुरुस्त करायचा, बिल न लावता, त्याच दिवशी.

आता एक कायदा, जो आपल्या लाइनमध्ये फार थोड्यांना माहीत असतो. नावाचा घोळ असा की आपण ज्याला एसएमई म्हणतो तो विषयतज्ज्ञ, आणि कायद्यात एमएसएमई म्हणजे चक्क तुम्ही. २००६चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायदा एकट्याने सेवा देणाऱ्यालाही लागू आहे. उद्यम या सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनने नोंदणी होते, एक रुपया लागत नाही. पैसे मागणाऱ्या वेबसाइट्स दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. नोंदणी असली की क्लायंटने ठरलेल्या तारखेला, आणि काहीही ठरलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. आणि गंमत बघा, हे दिवस कायदा मोजतो ते सेवा दिल्याच्या दिवसापासून. मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असंच धरतात. लाइव्ह झालं की नाही, हा प्रश्न कायद्यालाही पडलेला नाही.

त्यात २०२४पासून आयकराचीही भर पडली आहे: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च कंपनीला वजावटीत धरता येत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक दिसला की ऑडिटर स्वतःच अकाउंट्सच्या मागे लागतो. तुमच्या पत्रात उद्यमचा उल्लेख नाही, तेव्हा नोंदणी नसावी. या कामाला तिचा जोर फारसा मिळणार नाही, कारण नोंदणी काम देण्याआधीची असावी लागते. पण टोरांटो आणि त्यापुढच्या बिलांआधी करून टाका, अर्ध्या तासाचं काम आहे. मॅडमशी बोलताना या कायद्याचं नावही काढू नका. व्याजाची भाषा ही जिथे पुन्हा काम करायचं नाही तिथे वापरायची.

टोरांटोचं सोपं आहे, आणि मनापासून सांगायचं तर त्यातच तुम्हाला जास्त मजा येईल. कॅनडा-अमेरिकेतल्या रविवारच्या मराठी शाळांना 'ळ' आणि 'ल' मधला फरक शिकवणारं साहित्य लागतंच. बिल डॉलरमध्ये काढा, अमेरिकन की कॅनेडियन हे स्पष्ट लिहा (हे न लिहिल्याने रुसवेफुगवे झालेले पाहिलेत), आणि बँकेचा खर्च कुणी सोसायचा तेही. पैसे आले की बँक किंवा पेमेंट सेवा पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाबद्दल आले त्याचा ठरलेला क्रमांक, विचारते आणि परकीय चलन आल्याचा दाखला देते. तो दाखला बिलाला टाचून ठेवा. तिकडून टीडीएस कापला जाणार नाही, म्हणून त्या रकमेतला कराचा वाटा बाजूला काढा. वर्षाचा देय कर, टीडीएस वजा करून, १०,०००च्या वर जात असेल तर ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आतच कर, भरावा लागतो, आणि मार्चमध्ये एकदम आठवण आली की हात पोळतात. नात्यातल्या किंवा ओळखीतल्या बाई असतील तरी ३० टक्के आगाऊ घ्या. 'मराठीचं काम आहे, पैशाचं काय एवढं' असं म्हणणारे भेटतील. तेच लोक मुलांच्या पियानोच्या क्लासचे पैसे महिन्याच्या एक तारखेला देतात.

पुढच्या करारात मी माझ्यासाठी लिहिते ते दोन वाक्यांत: काम सुरू करताना ३० टक्के, स्टोरीबोर्ड दिल्यावर ३०, बीटा (तपासायला दिलेलं जवळजवळ तयार रूप) दिल्यावर ३०, शेवटचं पॅकेज दिल्यावर १०. सूचनांच्या दोन फेऱ्या किमतीत धरल्या आहेत, आणि दिल्यापासून कामाच्या सात दिवसांत काही कळवलं नाही तर तो टप्पा मंजूर धरला जाईल. यात 'मंजूर झाल्यावर' किंवा 'लाँच झाल्यावर' कुठेच नाही, बघा.

तर सोमवारी मॅडमना फोन, मंगळवारी बिल. पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर अकाउंट्सला थेट मेल करा, मॅडमना सीसी ठेवा, फक्त 'हे बिल कोणत्या पेमेंट रनमध्ये (पैसे सोडायच्या फेरीत) लागलं?' एवढंच विचारा. मॅडमना पुन्हा फोन महिन्यानंतर, त्याआधी नको. आणि त्यांनी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बोलावलंच असेल, तर जरूर जा. आंब्याची डाळ खा, पन्हं प्या, नव्या साहेबांची चार गाऱ्हाणी त्यांच्या तोंडून ऐका. बिलाचा विषय तिथे काढू नका. तो मेलवर आहे.